डावा कोपरा, मायनस पाच

तुम्ही तिला आंधळी म्हणालात. तोंड फिरवू नका, म्हणालातच. "आंधळी कोशिंबीर खेळायला आलीस काय गं?" हे तुमचे शब्द, आणि शेजारच्या दोन खुर्च्यांवरचे दोघं त्यावर हसले. तुमच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, काजूची बशी होती, मागे जिल्हा संघाच्या निवड चाचणीचा भलामोठा बॅनर होता. समोर घामानं निथळणारी तेवीस वर्षांची मुलगी उभी होती. तुमचं नाव इथे घेत नाही, तुमचं तुम्हाला माहीत आहे. तिचं मात्र घेतो. निधी परब. कांजूरमार्गच्या वेताळेश्वर क्रीडा मंडळाची डावी कोपरारक्षक.

आणि तुम्ही तिला पुढे काय सांगितलंत तेही सांगतो, कारण तुम्ही विसरला असाल. टपरीवर चहा सांगावा तसं सांगितलंत. "डोळे दुरुस्त करून ये. ते लेझर का काय असतं ना, ते. महिनाअखेरीला शेवटची निवड आहे. तोवर आलीस तर बघू."

तोवर आलीस तर बघू! डोळे तिचे, आणि वेळापत्रक तुमचं.

त्या दिवशी झालं काय होतं, ते तुमच्या टेबलावरून दिसलं तसं नाही, मॅटवरून दिसलं तसं ऐका. चाचणी सुरू व्हायच्या आधी तुम्ही उठून दम दिलात, "कुणी कुणाला ओरडून सांगायचं नाही. मला एकेकीचा खेळ बघायचाय. मंडळाची बडबड मंडळात." सात मंडळांच्या सात मुली एका बाजूला उभ्या केल्यात, आणि सातही जणी ओठ शिवल्यासारख्या खेळल्या. हॉल इतका शांत की मॅटवर तळवे घासल्याचा आवाज येत होता. निधीनं त्या शांततेतही पकडीमागून पकड केली. चारकोपची नादिया परेरा, जिच्या चढाईला भलेभले कोपरे फुटतात, तिचा घोटा निधीनं असा धरला की नादिया पडल्या पडल्याच म्हणाली, "सोड गं बाई, घरी जायचंय मला."

मग थर्ड आली. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी स्वतःच बाद. मुली तिला थर्ड म्हणतात. थर्डला बचाव करणाऱ्यांनी शहाणपणा करायचा नसतो. मागे सरायचं, अंग राखायचं, वेळ जाऊ द्यायचा. थर्ड आहे हे दाखवायला पंचानं हॉलच्या पार त्या टोकाला हात वर करून तीन बोटं दाखवली. निधीला तिकडे एक पांढरा शर्ट दिसला आणि त्याच्यावर काहीतरी उजेडासारखं. हात असेल, ट्यूबलाइट असेल. तिनं नादियाच्या घोट्यावर झेप घेतली. नादिया त्याचीच वाट बघत होती. उडी मारून, निधीच्या पाठीला टाप मारून ती मध्यरेषेपलीकडे गेलीसुद्धा.

"तीन बोटं दिसली नाहीत?" तुम्ही विचारलंत.

"लक्ष गेलं नाही सर" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शंभर मुली म्हणतात. निधी म्हणाली, "नाही दिसली. मायनस पाच आहे मला. दोन्ही डोळ्यांना."

खरं बोलली, तेव्हा तुम्ही हसलात.

बाहेर येऊन तिनं किटबॅगेतला जादा मोजा काढला, मोज्यातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला. चष्म्याची डबी तिनं कधी वापरलीच नाही. डबी दिसली की लोक विचारतात. चष्मा घालून मॅटवर उतरता येत नाही, समोरचीला लागेल. लेन्स लावून बघितल्या होत्या, मंडळाच्या मातीच्या मैदानावर. डोळा लिंबाएवढा सुजला आणि डॉक्टरांनी लेन्स कायमच्या बंद केल्या. म्हणून नऊ वर्षं ती धुक्यात खेळत होती, आणि ते धुकं कुणाला कळलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं, मालननं, सगळं ऐकून घेतलं आणि कुकरचं झाकण लावता लावता निकाल दिला, "करून टाक."

"आई, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. कान टोचायचेत काय?"

"हल्ली सगळे करतात. खालच्या मजल्यावरच्या त्या निलेशनं नाही केलं? पैशाचं मी बघते, तू डोळ्यांचं बघ. आणि चष्मा गेला म्हणजे स्थळंपण जरा..."

"आई!"

"बरं बाई, नाही बोलत."

खिडकीपाशी लवूआजोबा बसले होते. मिल बंद पडली, मिलचा संघ मोडला, पण म्हाताऱ्याच्या मांड्या अजून मैदानात उतरायला टपलेल्या. निधीला कबड्डी त्यांनीच शिकवली. ती दहावीत असताना रोज संध्याकाळी एकच गोष्ट बजावायचे, "तेच्या तोंडाक बघू नको. कमरेक बघ. हात फसवतत, डोळे फसवतत, कंबर फसवणा नाय." निधीनं ते इतकं मनावर घेतलं, कारण तोंड तिला तसंही दिसत नव्हतं.

आजोबा खिडकीतून वळले. मग म्हणाले, "नव वर्सां खेळतस. मैदानात तुका दिसणा नाय ह्यां माका पण कळला नाय. मग आता दिसूक लागल्यार तुझो खेळ रवतलो काय, ह्यां तो डॉक्टर सांगतलो?"

दिसायला लागल्यावर खेळ राहील का? हा प्रश्न तिच्या मनात आला नव्हता असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की प्रश्नाला वजन येतं.

अंधेरीच्या नेत्रालयात थंडगार हवा, मंद गाणी, आणि भिंतीवर चष्मा फेकून देणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. सल्ला द्यायला आकाश नावाचा मुलगा होता, गळ्यात पट्टा, बोलणं तेलावर सरकल्यासारखं. त्यानं समजावलं की कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेचा, पातळ पापुद्रा कापून झाकणासारखा उचलतात, खाली लेझर मारतात, पापुद्रा परत जागेवर बसवतात.

"दोन दिवसांत ऑफिसला मॅडम. झकास दिसणार."

"तो पापुद्रा परत चिकटतो ना?"

"एकदम."

"त्याच्यावर कोपर बसलं तर? जोरात. किंवा गुडघा?"

आकाश थांबला. त्यानं मागे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. "मॅडम, घरी काही प्रॉब्लेम आहे का? म्हणजे, कुणी हात उचलतं का? आमच्याकडे एक नंबर आहे, तुम्ही बिनधास्त..."

निधीला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की मंद गाणी बुडाली. "अरे मी कबड्डी खेळते! मीच मारते लोकांना."

पोरगं लाजलं, पण भलं होतं. लगेच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलं.

डॉक्टर फ्लेविया पन्नाशीच्या, बारीक केस, आणि नाकावर जाड भिंगांचा चष्मा. निधीची नजर तिथेच अडकली. डॉक्टरांना सवय होती.

"विचार, विचार. सगळे विचारतात."

"तुम्ही स्वतः का नाही केलं?"

"माझा कॉर्निया पातळ आहे, म्हणून नाही केलं. आणि मला चष्म्यावरून कुणी संघातून काढलं नाही, म्हणून नडलंही नाही." त्यांनी निधीचे डोळे सगळ्या यंत्रांवर तपासले. नंबर दोन वर्षांत हललेला नव्हता, कॉर्निया चांगला जाड होता. "लेझर तुला होईल. पण पापुद्र्याची मी करणार नाही. धक्क्यानं तो सरकू शकतो, वर्षांनंतरसुद्धा. तुझ्या खेळात धक्के किती बसतात ते तू मला सांग."

"मोजत नाही आम्ही."

"तेच. तुला पापुद्रा न कापता, वरून करायची पद्धत बरी. पण ती सोपी नाही. पहिले काही दिवस डोळे चुरचुरतील, जाळ झाल्यासारखं वाटेल. नजर हळूहळू स्वच्छ होईल. महिना-दीड महिना मॅट विसरायची, मी हो म्हणेपर्यंत."

"पण माझी निवड महिनाअखेरीला आहे."

"मग निवडीआधी होत नाही."

"दुसरीकडे करतील ना, पटकनवाली?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "करतील. कबड्डी खेळतेस हे लपवलंस तर चांगले डॉक्टरसुद्धा करतील. तुझ्या पायांवरचे हे काळेनिळे डाग मात्र झाकून जा." मग जरा नरम आवाजात, "एक कर. खेळाडूंसाठी नंबरचा पट्टीवाला गॉगल मिळतो. सामन्यात चालू देणार नाहीत, पण तो लावून एकदा सरावात खेळ. स्वच्छ दिसलं तर खेळ कसा होतो ते बघ, आणि मग ठरव."

निधीनं दोन्ही केलं. गॉगल बनवायला टाकला, आणि घाटकोपरला दुसरीकडे गुरुवारची वेळ घेतली. तिथल्या बाईनं फोनवर विचारलं, काम काय करता? निधी म्हणाली, पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. ते खोटं नव्हतं. दिवसभर ती तेच करायची. खेळबिळ? नाही, खेळ वगैरे काही नाही. फोन ठेवल्यावर तिला आपल्याच जिभेची शिसारी आली. तुमच्यासमोर खरं बोलून तिनं जे गमावलं होतं, ते आता खोटं बोलून परत मिळवायला निघाली होती. ही कामगिरी तुमची बरं का.

गुरुवारच्या आधी रविवार आला. चारकोपचा संघ कांजूरमार्गला सरावाच्या सामन्याला आला. नादिया गेटातूनच ओरडली, "ए निधे! राग गेला का गं?"

"तुझ्यावर कशाला राग? ये मैदानात, घोटा घेऊन ये."

निधीनं गॉगल चढवला. प्रशिक्षक इरावतीताईंनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "हे काय, विमान चालवायचंय?"

"आजच्या दिवस ताई. बघू द्या."

आणि काय काय दिसलं! पलीकडच्या मुलींचे चेहरे दिसले. पंचाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. नादियाच्या गळ्यावर साखळीचा गोरा वळ दिसला, खेळायच्या आधी ती साखळी काढून ठेवायची त्याचा. इतकी वर्षं जिच्या घोट्याला निधी लोंबकळत होती, तिच्या गालाला खळी पडते हे तिला त्या दिवशी कळलं. नादिया हसली, उजवीकडे बघितलं, उजवा हात टाकला. निधी उजवीकडे झुकली. नादिया डावीकडून टाप मारून गेली. दुसऱ्या चढाईत तेच. तिसऱ्यांदा तर नादियानं नुसती भुवई उडवली आणि निधी रेषेबाहेर.

"वाट लागली हिची," कुणीतरी म्हणालं, आणि अख्खं मैदान हसलं. निधीच्या कानात आजोबांचा प्रश्न वाजला. खेळ गेला? नजर आली आणि खेळ गेला?

तिनं दात आवळले. कमरेक बघ. पुढच्या चढाईला नादियाची खळी दिसली, भुवई दिसली, आणि निधीनं ती दिसू दिली. रस्त्यावरची जाहिरात दिसते तशी. नजर कमरेवर रोवली. कंबर वळली, निधी गेली, घोटा हातात. मग पुन्हा. मग पुन्हा. आणि या वेळी, पकडीत असताना, तिला मैदानाचं दुसरं टोक दिसलं, मदतीला धावून येणाऱ्या सगळ्या जणी दिसल्या. हे असं असतं होय सगळ्यांना! तिला ते हवं होतं. लाज नाही, भीती नाही, सरळ हवं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही. लेझरचं तिचं तिथेच ठरलं. करायचंच. प्रश्न फक्त कुठली आणि कधी एवढाच राहिला.

दुसऱ्या डावात फरक बघायला तिनं गॉगल काढून ठेवला. धुकं परत आलं, ओळखीचं, आणि पकडीही नेहमीसारख्या पडू लागल्या. मग दोन चढाया रिकाम्या गेल्या, नादिया परत आली, आणि निधीनं झेप घेतली. उडी. पाठीवर टाप. नादिया पार.

"थर्ड होती गं!" इरावतीताई कडाडल्या.

चाचणीत झालं होतं तस्संच. तीच झेप, तीच टाप. निधी मातीत बसली आणि शेजारी हात धरून उभ्या असणाऱ्या अनुपमाकडे बघितलं. मंडळात आल्यापासून अनुपमा तिच्या शेजारचीच.

"अनुपमे, तू बोलली का नाहीस?"

अनुपमानं गळ्याला हात लावला. "घसा बसलाय," ती फुसफुसली. "सकाळपासून सगळ्यांना सांगतेय."

 अनुपमा बोलते. प्रत्येक चढाईला बोलते. थर्ड आहे, बोनस टाकतेय, मागे ये, पाय आहे, सोड, घे. नऊ वर्षं ही बडबड तिच्या उजव्या कानात चालली होती आणि तिनं कधी तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नव्हतं, पंख्याच्या आवाजाकडे देत नाही तसं. तिला वाटायचं, आपल्याला कळतं.

नादिया येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. "आमच्यात ल्युसी आहे अशी. तिचं तोंड बांधलं ना, तर अख्खा चारकोप हरेल." मग खालच्या आवाजात, "एक सांगू? चाचणीला सरांनी सगळ्यांना गप्प केलं तेव्हाच मला कळलं. म्हटलं, आता थर्डला कोण कुणाला सांगणार? म्हणून तुझ्यासमोर मुद्दाम पाय टाकला. सॉरी बोलणार नाही हां. माझीपण निवड होती."

"बोलू नकोस," निधी म्हणाली. "मीपण तेच केलं असतं."

तिनं अनुपमाला उठवलं, हात हातात घेतला. "घसा बसलाय ना? मग थर्डला हात दाब." पुढच्या थर्डला तळहातावर असा चिमटा बसला की निधी किंचाळली, पण जागची हलली नाही. नादिया वेळ संपेपर्यंत समोर नाचली आणि बाद झाली.

"ए, चीटिंग आहे यार!" नादिया हसत म्हणाली.

"याला संघ म्हणतात, नादे."

सोमवारी निधीनं घाटकोपरची वेळ रद्द केली. डॉक्टर फ्लेवियांना फोन लावला. "पावसाळ्यात आमचं मैदान बंद असतं. तेव्हा करू. वरूनवाली. चुरचुरू दे."

"आणि निवड?"

"ती आहेत त्या डोळ्यांनीच देणार."

आजोबांना तिनं घरी गेल्यावर सांगितलं, "दिसायला लागलं तरी खेळ रवतलो. बघून आले." म्हातारा गालात हसला आणि म्हणाला, "मगे कर. माझ्या मोतीबिंदूक घाबरत व्हतंय मी, तुझ्या लेझराक नाय." मालननं आतून विचारलं, मोतीबिंदू कधी झाला, मला कुणी सांगितलं नाही! तो वेगळाच तमाशा, तो इथे नको.

महिनाअखेर आली. तोच हॉल, तोच बॅनर, तीच काजूची बशी. निधी नाव पुकारल्यावर आली ती चष्मा लावूनच. मोज्यात लपवला नाही. सरळ टेबलापाशी आली. तुम्ही चष्मा बघितलात आणि कपाळाला आठी घातलीत.

"काय सांगितलं होतं तुला?"

"लेझर करायला. करणार आहे सर, पावसाळ्यात. डॉक्टर म्हणतात तशी. तुम्ही म्हणता त्या तारखेत जी बसते ती केली, तर पुढे एखादं कोपर बसून माझा डोळा जाऊ शकतो. तुम्हाला माहीत होतं हे?"

तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही बशीकडे बघितलंत.

"मला दिसत नाही हे मी त्या दिवशी सांगितलं. आजपण सांगते. थर्डची बोटं मला दिसत नाहीत. मॅटवर सहा जणी अशा होत्या ज्यांना दिसत होती. माझ्या मंडळात असतं तर सहाही जणी ओरडल्या असत्या. आमचा खेळ हात धरून खेळायचा आहे सर. एकमेकींना सांगत खेळायचा आहे." तिचा आवाज चढला नव्हता. हॉलमधल्या मुली मात्र कान देऊन ऐकत होत्या, आणि रांगेत नादिया होती, तिची खळी निधीला चष्म्यातून स्वच्छ दिसत होती. "आज मी खेळते. चष्मा काढून. पण आज मुली बोलणार. मग माझ्या पकडी मोजा आणि नाव ठेवा नाहीतर काढा, तक्रार नाही."

"हे बघ, नियम..."

"कुठला? गप्प बसायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा."

शेजारच्या दोघांपैकी कुणी हसलं नाही या वेळी.

निधीनं चष्मा काढला, घडी घातली आणि तुमच्या टेबलावर, काजूच्या बशीशेजारी ठेवला. तुमचा आता तिला नुसता एक पांढरा ठिपका दिसत होता. तरी ती बरोबर तुमच्याकडे बघत होती.

"सांगा सर. सात जणींच्या तोंडावर हात ठेवून तुम्ही संघ निवडत होता, की नुसत्या सात पोरी? बोला. मुली थांबल्यात."